एल्मरला कुणी हात लावत नाही

रोमेलिया मावशी,

तुझ्या ओडिलियाचा नमस्कार घे, आधी आशीर्वाद दे आणि मग पुढचं ऐक. मला झोप नाही. काल नाही, परवा नाही, कारण एल्मरचं अंग तापलंय आणि मी डोळे मिटले की मला वाटतं हा आता श्वास घ्यायचा विसरेल. म्हणून मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसते, पोट वर आलं की मी श्वास घेते, खाली गेलं की मी सोडते. (जे कोणी हे वाचून दाखवत असतील, औषधाच्या दुकानातली मुलगी असो की कोपऱ्यावरचा शिंपी, त्यांनी इथं जरा थांबावं आणि मावशीला बसायला स्टूल द्यावं.) तुझा गुडघा कसा आहे? आतोलच्या पेजेचं पातेलं एकटीनं उतरवू नकोस, कुणाला तरी हाक मार. तू माझी काळजी करू नकोस, इथं आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे, सासूबाई तर फारच बऱ्या आहेत, फक्त एल्मर बरा नाही.

ह्या सहलीला यायचं माझ्या मनात नव्हतं हे तुला ठाऊक आहे. हे सगळं सासूबाईंचं. एल्मर जन्मला तेव्हा त्याच्या गळ्याभोवती नाळ होती आणि तो रडेना, तेव्हा दोन्या क्लेमेन्सियांनी (म्हणजे आमच्या सासूबाईंनी, वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून लिहिलं) सुईणीच्या अंगणात गुडघे टेकून नवस केला की पोर वाचलं तर हद्दीपलीकडं मेक्सिकोच्या माउलीच्या पायाशी घालीन. माउली आपल्या कोआतेपेकेच्या देवळातपण आहे, तिथं आपण चपला न घालता गेलो असतो. पण सासूबाईंचं म्हणणं, नवस लांबचा असला म्हणजे माउलीला आपली कळकळ दिसते. बरं, नुसतं पायाशी घालून भागत नाही. ज्या गरीब जुआन दिएगोला माउली दिसली त्याच्यासारखा वेष करायचा. पांढरा सदरा, पांढरी विजार, खांद्यावर लोकरीचं घोंगडं, डोक्याला टोपी, आणि ओठावर पेन्सिलीनं काढलेल्या मिशा. वेष डिसेंबरातल्या माउलीच्या सणाचा आणि आपण एप्रिलात निघालेलो. एवढंसं पोर मिशा लावून बसमध्ये बसलं की ज्याची नजर जाईल तो खुळावत होता. त्यात गिल्बेर्तोनं उत्तरेतून फोनवर सांगितलं की तिथल्या जुन्या पिरॅमिडपुढं माझ्या पोराचा फोटो काढा, इथं संत्री खुडणाऱ्या पोरांना दाखवतो. त्यानं अजून मुलाला पाहिलेलं नाही, त्याचं मन कसं मोडायचं. म्हणून निघाले.

रस्ताभर बसमध्ये भजनं चालू होती. डॉन ओव्हिदिओ, आपला बसवाला, अधेमधे रेडिओ लावायचा आणि बायका ओरडायच्या की देवाच्या वाटेवर कसल्या बातम्या ऐकतोस, बंद कर. त्यानं बंद केला. त्या बंद रेडिओवर काय सांगत होते ते आम्हाला राजधानीत पोचल्यावर कळलं. डुकराचा ताप म्हणून काहीतरी निघालाय, माणसं मरतायत, आणि सगळं बंद. शाळा बंद, खाणावळी बंद, मिस्सा बंद, बाग बंद. एवढं मोठं शहर आणि रस्त्यात कुत्री मधोमध झोपलेली. सगळ्यांच्या तोंडाला निळं फडकं. मला आधी वाटलं एवढ्या सगळ्यांचे दात दुखतायत का काय.

माउलीच्या देवळापुढं दोरी बांधलेली आणि दोरीला एक पोलीस. तो म्हणाला, गर्दी करायची नाही. सासूबाई म्हणाल्या, आम्ही गर्दी नाही, आम्ही दोघी बायका आणि एक लेकरू. (बसमधली बाकीची सगळी आमच्या पाठीमागंच उभी होती, पण ते सासूबाईंनी सांगितलं नाही.) पोलीस चांगला होता बिचारा. म्हणाला, "आजी, माउली सगळीकडे असते, घरी बसून हात जोडा, तिला पोचतं." सासूबाई म्हणाल्या, "मग त्या माउलीनं मला दोन देशांचे खड्डे खात इथवर कशाला आणलं?" तो म्हणाला, माउलीचं खातं माझ्याकडं नाही. आणि मग त्याची नजर एल्मरवर गेली. डोळे मोठे झाले त्याचे. "अहाहा, काय रुबाब आहे ह्या गृहस्थाचा, काय त्या मिशा." आणि असं म्हणून त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

मावशी, तुला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं लेकराचं कौतुक तोंडातून निघालं की माणूस लगेच त्याच्या डोक्याला नाहीतर पायाला हात लावतो. नजर गेली तशी हातानं परत घ्यायची. अनोळखी बाईसुद्धा बाजारात म्हणते, काय गोड आहे, द्या इकडं, मला हात लावू द्या, माझी नजर जड आहे. हात लावला नाही तर ती नजर पोराच्या आतच राहते आणि मग ताप, हगवण, एक डोळा बारीक, दूध नको. मेक्सिकोतसुद्धा हीच रीत आहे, त्यांच्यात काही वेगळं नाही. पण ह्या आजारात त्यांना सरकारनं सांगितलंय की कुणाला हात लावू नका. कौतुक करू नका असं काही सांगितलेलं नाही. त्यामुळं सगळं शहर नुसतं बघतंय आणि हात खिशात.

तिथून पुढं पिरॅमिडला गेलो, कारण डॉन ओव्हिदिओ म्हणाला, दगडाला कसला ताप येणार, ते उघडं असेल. ते पण बंद. लोखंडी फाटकाला साखळी, पाटीवर मोठ्या अक्षरात बंद लिहिलेलं, आणि लांबवर तो ढिगारा, बोटाच्या पेराएवढा. सासूबाईंनी मला फाटकापुढं उभं केलं, एल्मरला डोक्यावर धरायला लावलं आणि फोटो काढला. त्यात फाटक आलंय, पाटी आलीय, माझं अर्धं तोंड आलंय, आणि पिरॅमिड एल्मरच्या टोपीमागं गेलाय. गिल्बेर्तोला सांगू की तो टोपीच्या पाठीमागं आहे म्हणून.

तर फोटो काढताना मला हाताला लागलं की पोराचं अंग चांगलंच गरम आहे. आणि त्याच वेळी आतल्या बाजूनं पहारेकरी आला. म्हातारासा होता, तोंडाला ते फडकं. एल्मरकडं बघून म्हणाला, "वा, जुआन दिएगो स्वतः आले. आणि आम्ही बंद." मी म्हटलं, काका, तेवढा हात लावा. तो म्हणाला, बाई, लांब उभ्या राहा. मी म्हटलं, लांबूनच कौतुक केलंत म्हणून तर म्हणते, जवळ या. तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, कौतुक करायच्या आधी नियम आठवला नाही का. आणि मी एल्मरचा पाय फाटकाच्या गजांमधून आत घातला. तो म्हातारा मागं मागं सरकायला लागला, मी गजाच्या बाहेरून त्याच्याबरोबर बाजूबाजूनं, पोराचा पाय पुढं धरून. शेवटी तो पाठीमागच्या निवडुंगात बसला. खरंच बसला, मावशी. मग त्यानं जे म्हटलं ते पांढऱ्या कपड्यातल्या पोरापुढं म्हणायचं नव्हतं. (ते मी लिहीत नाही, वाचणाऱ्यांनी मनानं घालून वाचू नये.)

तिथून परत येईपर्यंत मी जो दिसेल त्याला विचारत सुटले. पेरू विकणाऱ्या बाईनं एल्मरला "माझं सोनं" म्हटलं होतं, तिच्यामागं गेले, ती गाडी तिथंच टाकून पळाली. एका बाईनं खिडकीच्या काचेआडून त्याला मुके दिले होते, तिची बेल वाजवली, तिनं पडदा ओढला. मला कळत होतं मी कशी दिसतेय ते. गावात ताप पसरलाय आणि एक बाई तापलेलं मिशावालं पोर घेऊन दारोदार म्हणतेय की ह्याला हात लावा. मी असते तर मीपण पडदा ओढला असता. पण मी ती बाई होते आणि पोर माझं होतं.

आम्ही उतरलोय ते यात्रेकरूंचं घर आहे. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की कुणाला ताप आला तर सामान रस्त्यावर. म्हणून एल्मर रडायला लागला की सासूबाई मोठ्यानं भजन म्हणतात. तो जोरात रडला की त्या वरच्या पट्टीत जातात. मालकीणबाई जेवणं वाढताना म्हणाल्या, दोन्या क्लेमेन्सिया, तुमची भक्ती फार आहे हो, पण जरा मधे पाणी प्यायचं नाही का. सासूबाईंचा आवाज आता बेडकासारखा झालाय आणि बायकांना वाटतंय त्यांनाच आजार झालाय.

मग सासूबाई म्हणाल्या, अंड्यानं नजर उतरवू. आता खाणावळी बंद, बाजार अर्धा बंद, अंडं कुठून आणायचं. त्यांनी मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातून एक आणलं, कसं ते मी विचारलं नाही. सतापाची डहाळी मी घरूनच आणलेली होती. दुपारी दार लावून सासूबाईंनी एल्मरच्या डोक्यापासून पायापर्यंत अंडं फिरवलं, प्रार्थना म्हटल्या. मग पेल्यातल्या पाण्यात फोडायला अंडं काठावर आपटलं. फुटेना. पुन्हा आपटलं. टरफल निघालं आणि आत अंडं पांढरं, गोल, घट्ट. उकडलेलं होतं, मावशी. सासूबाईंनी ते उजेडाला धरून बघितलं. म्हणाल्या, "बघ किती जबर ताप आहे, आत शिजून निघालं." मला हसायला आलं आणि हसता हसता मी जी रडायला लागले ती थांबेच ना. पुढचं भजन माझ्यासाठी म्हणायला लागलं.

आज सकाळी मी सासूबाईंना न विचारता उठले आणि पोराला डॉक्टरकडं नेलं. चौकात तंबू घातलाय, तिथं बघतात. मला वाटत होतं की पोराला काढून घेतील आणि कुठंतरी कोंडून ठेवतील, म्हणून मी घोंगडं दोन्ही मुठीत धरून ठेवलं होतं. डॉक्टर बाई होती, माझ्याएवढीच असेल, डोळे सुजलेले, तिलाही झोप नसावी. तिनं नाकात काडी घातली, छाती ऐकली, घसा बघितला. म्हणाली, हा डुकराचा ताप वाटत नाही, घसा सुजलाय. औषध देते, दूध थोडं थोडं पाजत राहा, आणि हे घोंगडं काढा आधी, पोराला भाजताय का. दूध अजिबात घेईना झाला, किंवा लघवी थांबली, तर एक क्षण न थांबता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मी मान हलवली. मग ती म्हणाली, "मिशा मात्र झकास आहेत हं." मी तिथंच हात जोडले. म्हटलं, डॉक्टर, हातमोजा काढून हात लावा. ती म्हणाली, मी आत्ताच तर एवढा हात लावला. मी म्हटलं, तो रबराचा होता. ती म्हणाली, "ताई, माझी आजीपण हेच म्हणाली असती. पण मोजा काढला तर तुमच्या बाळाला मी नजरेपेक्षा वाईट काहीतरी देईन." मग तिनं कोपर पुढं केलं, कोपरावर झगा होता, आणि एल्मरच्या पायाला हलकेच टेकवलं. झग्यातून कोपर चालतं का, ते मला माहीत नाही. तुला माहीत असलं तर कळव.

औषध देतेय. घोंगडं काढलंय. मिशा पुसल्यात. दूध एक घोट घेतो आणि तोंड फिरवतो. अजून तापलेलाच आहे.

आणि आता बसचं. हद्दीवर प्रत्येकाच्या कपाळाला यंत्र लावून ताप बघतात म्हणे, एक जण गरम निघाला तर सगळी बस अडकवतात. डॉन ओव्हिदिओनं सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि विचारलं काय करायचं. येताना ज्या बायकांनी एल्मरला ह्या मांडीवरून त्या मांडीवर फिरवला (त्या सगळ्यांनी हात लावलाय, त्यांना दोष नाही) त्या सगळ्या आपापल्या पिशव्यांच्या गाठी बघायला लागल्या. शेवटी एक जण म्हणाली, "ओडिलिया, तू राहा बाई, लेकराला एवढ्या प्रवासात नको." दुसरी म्हणाली, आम्ही तुझ्यासाठी वाटभर प्रार्थना करू. सासूबाई म्हणाल्या, प्रार्थना इथं बसून करा की, घाई कसली. कुणी बसलं नाही. त्या सगळ्या दुपारनंतर निघतायत आणि आम्ही दोघी एल्मरला घेऊन मागं राहतोय. डॉन ओव्हिदिओ पुढच्या आठवड्यात प्लास्टिकच्या बादल्या न्यायला पुन्हा येणार आहे, तेव्हा पोर गार असलं तर घेऊन जाईन म्हणालाय. हे पत्र त्याच्याच हातानं पाठवतेय.

तर मावशी, असं सगळं ठीक आहे. माउलीचं तोंड पाहिलं नाही, पिरॅमिड पाहिला नाही, मिस्सा मिळाली नाही, निवडुंग तेवढं पाहिलं. माझ्यासाठी मेणबत्ती लाव, पण आपल्या जवळच्या माउलीपुढं.

तुझ्या बहिणीची धाकटी लेक,
ओडिलिया

ता. क. गिल्बेर्तोचा फोन दुकानात आला तर सांग फोटो छान आलाय. तापाचं बोलू नकोस. तो तिथून काहीच करू शकत नाही, नुसता शिडीवरून पडेल.

ता. क. दुसरा. माझी ठिपक्यांची कोंबडी शेजारणीकडं अंडी घालत असेल, ती आण. कच्ची अंडी कच्चीच ठेव.

ता. क. तिसरा. हा वाचणाऱ्यांसाठी आहे, मोठ्यानं वाचू नका. मावशीला म्हणा, पत्र संपलं.

सासूबाईंना वरचं पत्र वाचून दाखवलं (मधल्या काही ओळी गाळून), त्या "बरं लिहिलंस" म्हणाल्या आणि जेवून आडव्या झाल्यात. तेवढ्यात हे लिहितेय. पोलिसाचा दोष नाही, म्हाताऱ्याचा नाही, डॉक्टरणीचा नाही. मेक्सिकोच्या कुणाचाच नाही. एल्मर हद्दीच्या नदीवरचा पूल ओलांडायच्या आधीच गरम होता. मी सासूबाईंना तेव्हा म्हटलं, त्या म्हणाल्या घोंगड्याची ऊब आहे. तेव्हापासून मी आठवतेय की पुलाच्या आधी त्याला कोणी बघितलं आणि हात लावला नाही, आणि एकच माणूस आठवतो. माझा आबेलिनो दादा.

तो बसथांब्यामागं बसगाड्या रंगवतो. आम्ही निघालो तेव्हा धावत आला, हात कोपरापर्यंत लाल. खिडकीखाली उभा राहिला, एल्मरला बघितलं आणि त्याला बोलताच येईना. मग म्हणाला, "काय सुंदर केलंयस गं ह्याला, आपली आई असती तर." त्यानं हात वर केले होते. सासूबाई आतून ओरडल्या, लांब हो, पांढरे कपडे आहेत, रंग लागेल. त्यानं हात खाली घेतले आणि बस सुटली. दादाची नजर जड आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. शेजाऱ्यांच्या अवोकाडोला तो "काय लगडलंय" म्हणाला आणि आठवड्यात झाड रिकामं झालं. तेव्हापासून तो बिचारा पोरं दिसली की आधी हात लावतो आणि मग बघतो. त्या दिवशी तेवढंच राहून गेलं.

हे मावशीला कळलं तर ती सासूबाईंच्या नावानं बाजारात उभी राहील आणि आमचं घर मोडेल. दादाला तसंच कळलं तर तो जेवणार नाही. त्याचा काही अपराध नाही हे त्याला आधी सांगा, मग बाकीचं. डॉक्टरणीचं औषध मी वेळच्या वेळी देतेय, ते चालूच राहील, पण नुसत्या औषधावर सोपवून बसवत नाही मला.

दादाला इथं यायला कागद नाहीत. पण ज्याची नजर, त्याच्या घामाचा कपडा लेकराभोवती गुंडाळला तरी चालतं, आमच्या आईनं माझ्यासाठी तसं केलेलं आहे. त्यानं कामावर घातलेला सदरा, घामाचा, न धुतलेला, रंग लागलेला असला तरी चालेल, पिशवीत घट्ट बांधून डॉन ओव्हिदिओ बादल्यांसाठी निघायच्या आत त्याच्या हातात द्यायचा. सासूबाईंना मी सांगेन की उशीला आणलाय.

दादाचा नंबर मावशीच्या दुकानाच्या फळीवर, पातेल्याच्या मागं, खडूनं लिहिलाय. मला पाठ नाही, नाहीतर मीच केला असता. त्याची बायको फार स्वच्छ आहे, सदरा अंगातून निघायच्या आत बादलीत बुडवते, म्हणून उद्यावर टाकू नका. मावशी काय विचारते त्याला आत्ता उत्तर देऊ नका. मी तुम्हाला ओळखत असेन किंवा नसेन, तुमच्या पाया पडते, पत्र तिथंच खाली ठेवा आणि माझ्या दादाला फोन करा.